भिंत बंद होण्याआधी : सार्वजनिक प्लंबिंग निरीक्षकाचं काम आणि पात्रता

प्लंबिंगचा मोठा भाग एकदाच दिसतो. चर बुजला, काँक्रीट पडलं, भिंतीवर गिलावा चढला की ते पाइप पुढची तीस-चाळीस वर्षं कुणाच्या नजरेला पडत नाहीत. स्थानिक प्रशासनाच्या वतीने ते काम तपासून 'झाकायला हरकत नाही' असं लिहून देणारा माणूस म्हणजे सार्वजनिक प्लंबिंग निरीक्षक. तो मालकाचा सल्लागार नसतो आणि ठेकेदाराचा मुकादमही नसतो. त्या इमारतीत पुढे जे राहतील, त्यांच्या वतीने तो तिथे उभा असतो.

त्याने पकडायच्या चुका शेकडो असल्या तरी बहुतेक सगळ्या दोन घराण्यांतल्या. गटारातली हवा खोलीत येता कामा नये, आणि वापरलेलं पाणी पिण्याच्या पाण्यात परत जाता कामा नये. १९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा हॉटेलांतल्या सदोष जोडण्यांमधून मैलापाणी पिण्याच्या पाण्यात गेलं. अमीबाजन्य आमांशाची साथ आली आणि किमान ९८ माणसं दगावली. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्सचे ३२१ रुग्ण निघाले. तिथल्या तपासात पुढे आलेल्या कारणांपैकी एक होतं न्हाणीघरांतल्या फ्लोअर ट्रॅपमधलं, म्हणजे गटारातली हवा अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीतल्या वाकड्या तुकड्यातलं, आटलेलं पाणी. एकीकडे पाणी उलटं गेलं, दुसरीकडे हवा. खालच्या प्रत्येक पायरीवर हे दोन प्रश्न मनात ठेवले तर नियमांची जाडजूड वही बरीच हलकी होते.

पात्रता : कागदावरची आणि हाताची

जागोजागच्या अटी वेगळ्या, पण साचा एकच. काही वर्षं प्रत्यक्ष पाइपकामाचा किंवा त्यावर देखरेखीचा अनुभव, नकाशे वाचता येणं, आणि तिथे लागू असलेल्या प्लंबिंग संहितेची परीक्षा. इंटरनॅशनल प्लंबिंग कोड, म्हणजे आयपीसी, जिथे चालतो तिथे इंटरनॅशनल कोड कौन्सिलची निवासी कामांसाठी पी-१ आणि व्यापारी इमारतींसाठी पी-२ अशी प्रमाणपत्रं मागतात. युनिफॉर्म प्लंबिंग कोड, म्हणजे यूपीसी, चालतो तिथे तो कोड काढणाऱ्या आयएपीएमओ या संस्थेचं निरीक्षक प्रमाणपत्र असतं. ठराविक काळाने प्रशिक्षणाचे तास दाखवून ही प्रमाणपत्रं नव्याने घ्यावी लागतात, कारण संहिताच दर तीन वर्षांनी बदलते.

कोड कौन्सिलच्या या परीक्षा पुस्तक उघडं ठेवून द्यायच्या असतात, आणि नेमकं तिथेच लोक घसरतात. पुस्तक समोर आहे म्हणून वाचन होत नाही, मग ऐन वेळी पानं उलटण्यात घड्याळ संपतं. तयारी करताना कलमं पाठ करण्यापेक्षा तक्ते कुठे आहेत ते हाताला माहीत करून घ्या: आडव्या ड्रेनेजची क्षमता, ट्रॅप ते व्हेंट (ड्रेनेजच्या पाइपांत हवा येऊ देणारी नळी) अंतर, आधारांमधलं अंतर, एअर गॅप (नळाचं तोंड आणि भांड्याची कड यांतली मोकळी जागा). बरेच प्रश्न या चार तक्त्यांभोवती फिरतात, आणि साइटवरचे वादही.

दोन कामांना वेगळी पात्रता लागते, हे अनेकांना उशिरा कळतं. पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या उपकरणांची दाबचाचणी करायला वेगळं प्रमाणपत्र लागतं. रुग्णालयातल्या वैद्यकीय वायूच्या पाइपांची तपासणी हा तर स्वतंत्र व्यवसायच आहे. त्यासाठी एएसएसई ६०२० हे मानक आहे. साधी निरीक्षकाची सही तिथे चालत नाही आणि चालवूही नये.

हिताच्या संघर्षाचा नियम सगळीकडे कडक असतो. त्याच हद्दीत प्लंबिंगचा धंदा, नातेवाइकाच्या ठेक्याची तपासणी, साइटवरून कसलीही भेट, सगळं बंद. हाताने काम केलेला माणूस निरीक्षक झाला की आणखी एक मोह होतो: 'थांब, मी दाखवतो' म्हणत पाना हातात घेण्याचा. घेऊ नका. तुम्ही घट्ट केलेला सांधा पुढे गळला तर जबाबदारी तुमची. व्हॉल्व्ह उघडणं, दाब चढवणं, प्लग काढणं ही कामं प्लंबरनेच करायची. तुम्ही बघायचं, मोजायचं आणि लिहायचं.

पिशवीत काय असावं

चांगली टॉर्च, टेप, ६० सेंटिमीटरची पाणसळ, दांडीवरचा छोटा आरसा, थर्मामीटर, रंगाच्या गोळ्या, खडू आणि कॅमेरा. यात जोडीला १२ मिलिमीटर आणि ६ मिलिमीटर जाडीच्या लाकडाच्या दोन चकत्या ठेवा. त्यांचा उपयोग पुढे येईल.

दाबमापक प्लंबर आणतो, पण त्याची तबकडी तुम्ही आधी बघायची. ५ पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचं माप) चाचणीला ० ते १०० पीएसआयचा मापक लावला तर काटा जागचा हललेला कळणारच नाही. आयपीसीचा नियम असा: १० पीएसआयपर्यंतच्या चाचणीला ०.१ पीएसआयच्या खुणा, १० ते १०० पर्यंत १ पीएसआयच्या आणि त्यावर २ पीएसआयच्या. मापकच चुकीचा असेल तर चाचणी झालीच नाही असं धरा.

स्वतःच्या जिवाचंही बघा. १.५ मीटरपेक्षा खोल चराला कडेचा आधार नसेल तर आत उतरू नका, तपासणी वरूनच नाकारा. मैल्याच्या चेंबरमध्ये डोकं घालण्याआधी वायुमापक सोडा. हायड्रोजन सल्फाइड हा मैल्यातला विषारी वायू वाढला की नाक बधिर होतं. वास येईनासा झाला म्हणजे हवा बरी झाली असं समजणारे तिथेच पडतात.

पायरी १ : नकाशा

साइटवर जाण्याआधी ड्रेनेजचा नकाशा घेऊन बसा आणि भार मोजा. प्रत्येक साधनाला, म्हणजे कमोड, बेसिन, सिंक यांना, 'फिक्श्चर युनिट' हे भाराचं माप दिलेलं असतं. ही पद्धत मुळात रॉय हंटर यांनी अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये बसवली. १९४० साली प्रसिद्ध झालेलं त्यांचं काम आजही बहुतेक तक्त्यांच्या तळाशी आहे. सगळे नळ एकाच वेळी उघडत नाहीत, मग एका वेळी किती उघडे असण्याची शक्यता धरायची, हा त्यांचा प्रश्न होता.

उदाहरण घ्या. सहा सदनिका, प्रत्येकी एक न्हाणीघर आणि एक स्वयंपाकघराचं सिंक. आयपीसीप्रमाणे कमी पाण्याचा कमोड असलेलं न्हाणीघर ५ युनिट आणि सिंक २ युनिट. म्हणजे ६ गुणिले ७, एकूण ४२. इमारतीबाहेर जाणाऱ्या ३ इंची आडव्या पाइपची क्षमता फुटाला पाव इंच ढाळ असेल तर ४२ युनिट, आणि फुटाला एक अष्टमांश इंच असेल तर ३६. नकाशात पाव इंच लिहिलंय, हिशोब अगदी काठावर बसतो. आता जागेवर गवंड्याने चर थोडा उथळ खणला आणि ढाळ निम्मा झाला, की तोच पाइप नियमात बसत नाही. असे काठावरचे आकडे नकाशावर लाल पेनाने गोल करा. साइटवर आधी तिथेच पाणसळ लावायची.

नकाशातच आणखी तीन गोष्टी दिसतात: व्हेंट नसलेलं एखादं साधन, चौथ्या-पाचव्या मजल्यावर पुरणार नाही किंवा तळमजल्यावर जास्त होईल असा दाब, आणि जिथे हात पोचणार नाही तिथे दाखवलेला क्लीनआउट, म्हणजे तुंबलेला पाइप साफ करायचं झाकणाचं तोंड. दाबाचा हिशोब सोपा आहे. उंचीच्या दर मीटरमागे साधारण ०.१ बार. इमारतीत कुठेही स्थिर दाब ५५२ किलोपास्कल, म्हणजे ८० पीएसआयच्या वर जात असेल तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह हवाच.

पायरी २ : जमिनीखालचं काम

इथे बुजवण्याआधीच बोलावणं आलं पाहिजे. अर्धा चर भरून 'बाकीचं असंच आहे साहेब' म्हटलं तर उकरायला लावा. एकदा सोडलं की पुढच्या प्रत्येक साइटवर तेच ऐकू येतं.

पाइप पूर्ण लांबीने बसलेला हवा. दगडावर टेकलेला पाइप वरून माती दाबली की तिथेच पिचतो, आणि विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवलेला मधोमध झोळ खातो. सॉकेटखाली, म्हणजे पाइपच्या फुगीर तोंडाखाली, मातीत खळगा केलेला असावा, नाहीतर सगळं वजन सांध्यावर येतं. भराव बारीक मातीचा किंवा वाळूचा, सुमारे १५० मिलिमीटरच्या थरांनी, दोन्ही बाजूंनी सारखा दाबलेला. पिण्याच्या पाण्याची नळी आणि मैलावाहिनी एकाच चरात दिसली तर अंतर मोजा. आयपीसी १.५ मीटर आडवं अंतर मागतो. ते नसेल तर पाण्याची नळी किमान ३०० मिलिमीटर वर, घट्ट मातीच्या पायरीवर. गळती दोघांनाही लागतेच. पाण्याची नळी वर असेल तर घाण तिच्यापर्यंत चढत नाही.

पाया किंवा भिंत ओलांडताना पाइपभोवती स्लीव्ह, म्हणजे बाहेरून सैल नळी, आहे का, तेही आत्ताच बघायचं. इमारत काही मिलिमीटर बसते आणि थेट काँक्रीटमध्ये जखडलेला पाइप तिथे कापला जातो.

पायरी ३ : रफ-इन, म्हणजे भिंती उघड्या असताना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

ढाळापासून सुरुवात करा. २ टक्के ढाळ म्हणजे ६०० मिलिमीटरला १२ मिलिमीटर. पाणसळीच्या खालच्या टोकाला १२ मिलिमीटरची चकती ठेवा. बुडबुडा मधे आला तर ढाळ बरोबर. ६ मिलिमीटरची चकती १ टक्क्यासाठी. आयपीसीत अडीच इंचापर्यंतच्या पाइपांना २ टक्के आणि ३ ते ६ इंचांना किमान १ टक्का लागतो. एका ठिकाणी मोजून पुढे जाऊ नका. दोन क्लॅम्पच्या मधोमधही पाणसळ लावा, कारण झोळ तिथेच असतो. प्रवाहाचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरच्या खाली गेला की घन पदार्थ खाली बसतात, आणि झोळातलं पाणी कधीच पूर्ण निघत नाही.

'ढाळ जास्त दिला तर काय बिघडलं?' हा प्रश्न प्लंबर हमखास विचारतो. ट्रॅप आणि व्हेंट यांच्यामधल्या आडव्या तुकड्यात नक्कीच बिघडतं, आणि ते समजून सांगता आलं पाहिजे.

वॉशबेसिनचा ४० मिलिमीटरचा पाइप घ्या. ट्रॅपच्या बाहेरच्या बाजूला जिथून पाणी ओसंडतं ती कड, म्हणजे पाइपचा तिथला तळ. तिथून व्हेंटपर्यंत पाइप २ टक्क्यांनी उतरतो. २ मीटरवर तो ४० मिलिमीटर खाली गेलेला असतो, म्हणजे बरोबर स्वतःच्या व्यासाइतका. त्या जागी पाइपचं छत ट्रॅपच्या कडेच्या पातळीला येतं. याहून पुढे गेलात की व्हेंटचं तोंड कडेच्या खाली जातं, पाइप भरून वाहताना हवेला वाट उरत नाही, आणि ओढीबरोबर ट्रॅपमधलं पाणीही निघून जातं. शेवटी 'गुडगुड' असा आवाज येतो तो त्याचाच. म्हणून आयपीसीत दीड इंची पाइपाला ६ फूट, दोन इंचीला ८ फूट अशी मर्यादा आहे: फुटाला पाव इंच धरला तर उतार बरोबर व्यासाइतका होतो. ढाळ दुप्पट केला की हीच मर्यादा निम्म्यावर येते. यूपीसी आणखी सावध आहे, दीड इंचीला साडेतीन फूटच देतो. म्हणून एका हद्दीतले आकडे पाठ करून दुसऱ्या हद्दीत वापरू नयेत.

ट्रॅपमधला जलबंध ५० ते १०० मिलिमीटर. कमी असेल तर हवेच्या जराशा दाबाने फुटतो, जास्त असेल तर घाण साचते. एस-ट्रॅप दिसला की नाकारा. त्याचा बाहेरचा पाय सरळ खाली जातो, म्हणजे व्हेंटला जागाच नाही. एका साधनाला लागोपाठ दोन ट्रॅप असतील तर तेही नाकारा. दोघांच्या मध्ये हवा अडकते आणि पाणी तुंबतं. 'दोन असले तर वास डबल थांबेल' हा समज फार चिवट आहे.

फिटिंगची दिशा नीट बघा. सॅनिटरी टी उभ्या स्टॅकवर, म्हणजे सगळ्या मजल्यांमधून खाली येणाऱ्या मुख्य पाइपवर, आडवा पाइप घ्यायला आहे. तोच टी आडव्या पाइपवर पाठीवर झोपवून दुसरा आडवा पाइप जोडला तर प्रवाह समोरच्या भिंतीवर आपटून दोन्हीकडे पसरतो. तिथे वाय (तिरकी फांदी असलेलं फिटिंग) आणि ४५ अंशाचा बेंड हवा. स्टॅकच्या पायथ्याला आखूड एल्बो नको, लांब वळणाचा बेंड हवा, आणि त्याच्या खाली भक्कम आधार. अनेक मजल्यांचं पाणी तिथे येऊन आदळतं. पायथ्याजवळ आणि ४५ अंशांपेक्षा मोठ्या वळणावर क्लीनआउट आहे का, त्याच्यासमोर सळई फिरवायला साधारण ४५० मिलिमीटर मोकळी जागा आहे का, हेही मोजा.

आधारांची अंतरं पाइपच्या जातीवर ठरतात. आडव्या पीव्हीसी ड्रेनेजला १.२ मीटर, १ इंचापर्यंतच्या सीपीव्हीसीला ०.९ मीटर, पेक्सला ०.८ मीटर. प्लास्टिकचा पाइप गरम पाण्याने लांब होतो, म्हणून क्लॅम्पने तो धरावा, आवळू नये. क्लॅम्पमध्ये पाइप हाताने मागेपुढे सरकला पाहिजे.

सांध्यांकडे बघताना एक सोपी खूण: सॉल्व्हंट सिमेंटच्या सांध्याभोवती बारीक, अखंड कडं दिसलं पाहिजे. कडं कुठेच नाही म्हणजे सिमेंट कमी पडलं. ओघळ आहेत म्हणजे आतही गोळा झाला असणार. रंगीत प्रायमर बंधनकारक असेल तर रंग सॉकेटबाहेर डोकावला पाहिजे. तो जांभळा ठेवतात ते तुमच्याचसाठी. कोरड्या सांध्यात नुसता खुपसून ठेवलेला पाइप चाचणीत कधीकधी टिकतोसुद्धा, आणि वर्षाने निखळतो. तांब्याच्या नळीत कापलेल्या टोकाची आतली धार घासलेली नसेल तर तिथे पाण्याचा भोवरा होतो आणि नळी आतून खात जाते. ही धार जोडल्यावर दिसत नाही. उरलेले तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात, ते उचलून बघा. प्लंबरची सवय तिथे कळते.

पायरी ४ : गळतीची चाचणी

ड्रेनेजला पाण्याची चाचणी. सगळी तोंडं बंद करून किमान ३ मीटर पाण्याचा स्तंभ, १५ मिनिटं. उंच इमारतीत स्टॅक टप्प्याटप्प्याने तपासायचा आणि आधीच्या टप्प्याचा वरचा ३ मीटर पुढच्या टप्प्यात पुन्हा घ्यायचा. पूर्ण ३० मीटरचा स्टॅक एकदम भरला तर तळाला ३ बार दाब येतो. त्यासाठी रबर रिंगचे सांधे बनवलेलेच नसतात.

पाण्याची पातळी कुठल्या पाइपात बघताय यावर बरंच अवलंबून आहे. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर १५ मिनिटांत साधारण ४५ मिलिलिटर पाणी जातं. १०० मिलिमीटर पाइपात त्याने पातळी जेमतेम ६ मिलिमीटर उतरते, टॉर्चच्या उजेडात ते कळणार नाही. तीच पातळी ५० मिलिमीटरच्या उभ्या नळीत घेतली तर उतार २३ मिलिमीटर होतो. म्हणून वरच्या तोंडाला बारीक नळी लावायला सांगा आणि पातळीवर खडूची रेघ मारा. भरल्यावर दहा मिनिटं थांबून मगच वेळ सुरू करा, कारण आडव्या पाइपांत अडकलेले हवेचे फुगे हळूहळू वर येतात आणि गळती नसतानाही पातळी उतरते.

हवेची चाचणी ५ पीएसआय, १५ मिनिटं. प्लास्टिकच्या पाइपाला ती आयपीसी देत नाही आणि त्याला कारण आहे. पाणी दाबलं तरी त्यात ताकद साठत नाही, हवेत साठते. फुटलेला पीव्हीसी पाइप गळत नाही, त्याच्या चिरफळ्या उडतात. प्लगही बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. हवेच्या चाचणीचा दुसरा घोटाळा तापमानाचा. मापकावरच्या ३४.५ किलोपास्कलमध्ये वातावरणाचे १०१ मिळवा, म्हणजे सुमारे १३६. पाइप ३० अंशांवरून २० अंशांवर आला तर निरपेक्ष तापमान ३.३ टक्क्यांनी घटतं, आणि दाबही तितकाच, म्हणजे साडेचार किलोपास्कल. सांधा एकही गळत नाही आणि चाचणी नापास! उलट, उन्हात तापत जाणाऱ्या पाइपात खरी गळती लपून जाते. चाचणीच्या सुरुवातीला आणि शेवटी पाइपचं तापमान लिहून ठेवा, पुढचा वाद मिटतो.

पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांना निदान वापरातल्या कमाल दाबाइतका दाब द्यायचा. काही संहिता दीडपट मागतात. दाब चढवल्यावर पंप काढून घ्या, नाहीतर तो हळूच दाब भरत राहतो.

पायरी ५ : पिण्याचं पाणी वेगळं ठेवणं

मुख्य वाहिनी फुटली किंवा अग्निशमनाने एकदम पाणी ओढलं की इमारतीतला दाब उलटा होतो. त्या क्षणी बादलीत बुडालेली नळी घशासारखी पाणी ओढते. यावर सगळ्यात भरवशाचा उपाय साधी मोकळी जागा, म्हणजे एअर गॅप. नळाच्या तोंडापासून भांडं भरून वाहण्याच्या कडेपर्यंत तोंडाच्या व्यासाच्या दुप्पट, आणि किमान २५ मिलिमीटर. नळ भिंतीला खेटून असेल तर तिप्पट. ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंत मोजू नका, कडेपर्यंत मोजा. फ्लशच्या टाकीतही हेच: भरणाऱ्या व्हॉल्व्हवरची खूण ओव्हरफ्लो नळीच्या वर २५ मिलिमीटर हवी. झाकण उचलून बघायला दहा सेकंद लागतात, आणि इथे चूक सापडते ती बऱ्याचदा.

जिथे मोकळी जागा ठेवता येत नाही तिथे उपकरण लागतं. वातावरणीय व्हॅक्यूम ब्रेकर, म्हणजे उलटी ओढ लागली की हवा आत घेऊन ती तोडणारं उपकरण, पुढच्या सगळ्यात उंच तोंडापेक्षा १५० मिलिमीटर वर असावा आणि त्याच्यापुढे बंद करणारा व्हॉल्व्ह नसावा. सतत दाबाखाली राहिला की त्याची चकती चिकटून बसते. रसायनं, बॉयलर, प्रयोगशाळा अशा धोक्याच्या ठिकाणी रिड्यूस्ड प्रेशर प्रकारचं उपकरण, म्हणजे दोन झडपा आणि त्यांच्यामध्ये पाणी बाहेर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह असलेलं. त्याच्या वार्षिक चाचणीत रिलीफ व्हॉल्व्ह २ पीएसआयचा फरक उरण्याआधीच उघडला पाहिजे. तो गटारात थेट जोडलेला किंवा पाणी भरणाऱ्या खड्ड्यात बसवलेला दिसला तर नाकारा. रिलीफचं तोंडच पाण्यात बुडालं तर वाचवणारं उपकरण घाण ओढणारं होतं.

वापर सुरू करण्याआधी नळ्या धुऊन क्लोरीन भरायचा: लिटरला ५० मिलिग्रॅम, २४ तास, किंवा २०० मिलिग्रॅम, ३ तास. १०० मीटर लांबीच्या ५० मिलिमीटर नळीत सुमारे २०० लिटर पाणी मावतं. म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या हिशोबाने १० ग्रॅम क्लोरीन, किंवा ६५ टक्के ताकदीची पावडर १५ ग्रॅम. प्रत्येक टोकाच्या नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडलं होतं का, हे विचारा. न उघडलेल्या फांदीत क्लोरीन पोचतच नाही.

पायरी ६ : गरम पाणी आणि अंतिम तपासणी

साठवणीच्या गीझरला तापमान-दाब रिलीफ व्हॉल्व्ह असतो, सहसा १५० पीएसआय आणि ९९ अंशांचा. त्याची निचरा नळी व्हॉल्व्हच्या तोंडाएवढीच जाड, सतत उताराची, जमिनीपासून १५० मिलिमीटरच्या आत संपणारी. तिच्यात कॉक नको, टोकाला आटे नकोत. टोकाला आटे असले की थेंब पडतायत म्हणून कुणीतरी टोपण बसवतोच, आणि मग ती टाकी बाँब होते. साठवण ६० अंशांवर ठेवली तर लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू जगत नाही, पण त्या पाण्याने कातडी भाजते. म्हणून शॉवरला मिश्रण व्हॉल्व्ह, ४९ अंशांच्या मर्यादेवर लावलेला. थर्मामीटर धरून बघा, तबकडीवरचा आकडा धरू नका.

शेवटच्या भेटीत सगळी साधनं एकाच वेळी चालवा. वरच्या मजल्यावरचे दोन-तीन कमोड एकदम फ्लश करा आणि खालच्या ट्रॅपांतलं पाणी हलतंय का ते बघा. क्वचित वापराच्या फ्लोअर ट्रॅपला पाणी भरत राहण्याची सोय आहे का, हेही इथेच. कमोडच्या टाकीत रंगाची गोळी टाकून गळती बघा. वासाची तक्रार असेल तर धुराची चाचणी, पाण्याच्या २५ मिलिमीटर स्तंभाइतक्या दाबावर. जुन्या पद्धतीत छतावरच्या व्हेंटमध्ये ५९ मिलिलिटर पेपरमिंटचं तेल आणि त्यामागून सुमारे साडेनऊ लिटर गरम पाणी ओततात. ज्याने तेल ओतलं त्याने खाली यायचं नाही. त्याच्या कपड्यांना येणारा वास सगळ्या खोल्यांत 'गळती' दाखवतो.

अहवाल

'बाथरूमचं ड्रेनेज बरोबर नाही' हे लिहिणं म्हणजे पुढच्या भेटीला भांडणाचं आमंत्रण. असं लिहा: 'दुसरा मजला, पूर्वेचं न्हाणीघर. वॉशबेसिनच्या दीड इंची ट्रॅपपासून व्हेंटपर्यंत अंतर २.४ मीटर. कलम ९०९.१ प्रमाणे मर्यादा १.८ मीटर. दुरुस्तीनंतर झाकण्याआधी फेरतपासणी.' जागा, मोजलेला आकडा, मर्यादा, कलम. दुरुस्ती कशी करायची ते सांगू नका. व्हेंट जवळ आणायचा की बेसिन सरकवायचं, हा त्यांचा निर्णय. तुम्ही सुचवलेला मार्ग फसला तर तो तुमचा आराखडा ठरतो.

पहिल्या भेटीतच सगळं लिहा. एक चूक दिसली म्हणून तिथेच थांबून परत जाणारा आणि फेरतपासणीत नवीन तीन काढणारा निरीक्षक ठेकेदाराचा विश्वास घालवतो, आणि मग पुढच्या वेळी बोलावणं यायच्या आधीच भिंत बंद झालेली असते. फेरतपासणीत दुरुस्त केलेला सांधा बघून भागत नाही. त्या टप्प्याची पाण्याची चाचणी पुन्हा घ्या, कारण एक फिटिंग कापून काढताना शेजारचे दोन सांधे हललेले असतात. पास झालेल्या भिंतींचे फोटो मजला, खोली आणि टेपसकट ठेवा. दहा वर्षांनी कुणी टाइल फोडायला निघेल, तेव्हा पाइप कुठून गेलाय हे त्या फोटोंवरूनच कळेल.